आठ अक्षरांची ठेव

इ.स. 387. रोमजवळचं ओस्तिया बंदर. आफ्रिकेला परतायला निघालेलं एक कुटुंब गलबताची वाट पाहत तिथे थांबलं होतं. आई तापानं आजारी पडली आणि नवव्या दिवशी गेली. तिला 56वं वर्ष चालू होतं, मुलाला 33वं. मुलानं तिचे डोळे मिटले. दुःखाचा लोंढा छातीतून डोळ्यांपर्यंत आला, पण त्यानं तो निग्रहानं परत फिरवला. दफनाला गेला, परत आला, रडला नाही. कबरीपाशी प्रार्थना झाल्या, तेव्हाही नाही. हे दुःख बरं कर म्हणून देवाला विनवलं. ते बरं झालं नाही. स्नानानं मनावरचं ओझं उतरतं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून स्नानगृहात जाऊन आला. जसा गेला तसाच बाहेर पडला. मग झोपला.

जाग आली तेव्हा दुःख जरा निवळलं होतं. अंथरुणात एकटा पडून असताना त्याला एका गीताच्या ओळी आठवल्या. दोन कडवी, आठ ओळी. त्यानंतर तो रडला.

मुलाचं नाव ऑगस्टीन, आईचं मोनिका, आणि गीत मिलानचा बिशप अँब्रोज याचं. (तिघांनाही चर्च संत मानते. इथे एकेरी उल्लेख येईल तो जवळिकीचा समजावा.)

हे प्रकरण अभ्यासाला घेण्याचं कारण सरळ आहे. गायनाचे आध्यात्मिक लाभ सांगणारं लेखन भरपूर आहे, आणि त्यात बहुतेक वेळा गाताना काय वाटतं याचंच वर्णन असतं: मन हलकं होतं, एकोपा वाटतो, देव जवळ भासतो. ते खोटं नाही. पण ओस्तियातला माणूस गात नव्हता. तो पडून होता. गाणं केव्हाच होऊन गेलेलं होतं, आणि त्याचा उपयोग आता झाला. गायनाचा खरा लाभ बऱ्याचदा असा उशिरा हाती येतो असं मला वाटतं, आणि तो कसा येतो हे या एका प्रकरणात टप्प्याटप्प्यानं दिसतं.

साक्षीपुरावा कितपत भरवशाचा

ओस्तियाच्या रात्रीची हकीकत येते ती ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनातून, नवव्या भागात. ते लेखन सुमारे 397 ते 400 या काळातलं. म्हणजे घटनेला दहाएक वर्षं उलटून गेलेली, लिहिणारा आता बिशप झालेला, आणि लिहिण्याचा सूर प्रार्थनेचा. अशा आठवणीला आपोआप वळण लागतं, हे धरूनच चालायला हवं.

सुदैवानं आधीचे पुरावेही आहेत. 386च्या अखेरीस ऑगस्टीननं मित्रांबरोबर केलेल्या चर्चा तिथल्या तिथे लेखनिकाकडून उतरवून घेतल्या होत्या. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या आहेत. शिवाय मिलानमध्ये 386 साली चर्चवरून झालेल्या गडबडीबद्दल (ती पुढे येईलच) खुद्द अँब्रोजनं बहिणीला, मार्सेलिनाला, लिहिलेलं पत्र आहे, त्याचं एक जळजळीत प्रवचन आहे, आणि त्याचा सचिव पौलिनस यानं नंतर लिहिलेलं चरित्र. म्हणजे एकाच माणसाच्या आठवणीवर सगळी इमारत उभी नाही.

वेढ्यातली मंडळी

त्या आठ ओळी ऑगस्टीनच्या मनात शिरल्या कशा, हे पाहायला एक वर्ष मागे जावं लागतं.

386 साली मिलान हे शाही दरबाराचं शहर होतं. बादशहा व्हॅलेंटिनियन दुसरा, जन्म 371चा, म्हणजे मिसरूड फुटायचं वय. खरी सत्ता आई जस्टिनाच्या हाती. ख्रिस्त हा पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, असं मानणाऱ्या पंथाची ती होती. हा पंथ एरियसच्या नावानं ओळखला जातो. आपल्या लोकांसाठी शहरातलं एक चर्च द्या, अशी दरबाराची मागणी. अँब्रोजनं नकार दिला. हा माणूस बिशप होण्याआधी त्याच प्रांताचा राज्यपाल होता. सरकारी दबाव कसा आणतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 23 जानेवारी 386 रोजी कायदा निघाला: त्या पंथाच्या लोकांना उपासनेसाठी जमण्याची मुभा, आणि त्यात अडथळा आणणाऱ्याला देहदंड.

मग सैनिक आले. लोक चर्चमध्ये शिरले ते बाहेर पडेनात. अँब्रोजच्या पत्रात बारीक तपशील आहेत. बाहेर सैनिकांचा गराडा असल्यामुळे त्याला घरी जाता आलं नाही, आणि आवारातल्या लहान चर्चमध्ये भाऊबंदांसोबत स्तोत्रं म्हणत रात्र काढावी लागली. काही सैनिक आत आले तेव्हा बायका घाबरल्या. पण सैनिक म्हणाले, आम्ही लढायला नाही, प्रार्थना करायला आलो आहोत.

ऑगस्टीन लिहितो की, पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या रिवाजाप्रमाणे गीतं आणि स्तोत्रं गाण्याची पद्धत मिलानमध्ये तेव्हा सुरू झाली, आणि पुढे इतर ठिकाणच्या मंडळ्यांनी ती उचलली. पौलिनसही तिची सुरुवात याच काळातली सांगतो. कारण काय? दुःखाच्या कंटाळ्यानं लोक झिजून जाऊ नयेत.

हे कारण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकलो. शत्रूचा पराभव व्हावा म्हणून गा, असं नाही. देवाला प्रसन्न करण्यासाठी गा, असंही नाही. लोक झिजू नयेत म्हणून. ज्यानं आजारी माणसाच्या उशाशी रात्री जागून काढल्या आहेत त्याला हे लगेच कळेल. भीती तासभर टिकते. पुढे उरतं ते ताटकळणं, आणि माणूस खचतो तो त्या ताटकळण्यात. प्रार्थनेचे शब्द संपतात. तेच तेच बोलून जीव विटतो. गाण्याला मात्र पुनरुक्तीचं वावडं नाही. उलट तेच कडवं दहाव्यांदा म्हणताना ते अधिक आपलं होतं. वेढ्यातल्या लोकांना अँब्रोजनं जे दिलं ते, रोखठोक सांगायचं तर, वेळ काढण्याचं एक पवित्र साधन होतं, आणि यात मला कमीपणा वाटत नाही.

दुसरा परिणाम विरोधकांच्या लक्षात आधी आला. बिशप आपल्या गाण्यांनी लोकांना भारून टाकतो, अशी त्यांची तक्रार. अँब्रोजनं ती नाकारली नाही. लॅटिनमधल्या ‘कार्मेन’ या शब्दाला गाणं आणि मंत्र असे दोन्ही अर्थ आहेत. त्यावर खेळत तो प्रवचनात म्हणाला की हो, हा मंत्र खराच आहे, आणि याहून प्रभावी दुसरा नाही. रोज सगळ्या लोकांच्या तोंडून त्र्यैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा मिळून एकच देव याची, कबुली निघते, जो तो दुसऱ्याच्या पुढे जायला पाहतो. जे जेमतेम शिष्य होऊ शकले असते ते सगळे गुरू झाले.

यातला गुरू होण्याचा भाग अतिशयोक्त वाटेल, पण गीत समोर ठेवून पाहा. अँब्रोजच्या या संध्याकाळच्या गीतात आठ कडवी आहेत, प्रत्येकात चार ओळी, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची. शेवटच्या कडव्यात ख्रिस्ताला, पित्याला आणि दोघांच्या आत्म्याला एकाच दमात विनवणी आहे, तिघांचं सामर्थ्य एकच आहे असं म्हटलं आहे, आणि अखेरची ओळ आहे: विनवणाऱ्यांना जवळ घे, हे त्र्यैक्या. ज्या प्रश्नावरून शहर पेटलं होतं त्याचं उत्तर अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही जिभेवर बसलं. बिशपचा प्रबंध त्यानं कधी वाचला नसता.

आणि ऑगस्टीन? तो त्या वेळी मिलानमध्ये वक्तृत्वशास्त्राचा सरकारी प्राध्यापक होता, बाप्तिस्मा झालेला नव्हता. मोनिका चर्चमध्ये जागणाऱ्यांत आघाडीवर होती, प्रार्थनेवर जगत होती. आपण मात्र अजून थंड होतो, असं तो स्वतःच कबूल करतो. शहर हादरलेलं पाहून अस्वस्थ झाला इतकंच. म्हणजे गाणं या घरात आलं ते आईच्या गळ्यातून आलं असणार, असा माझा कयास. ज्याला पुढे त्याची सर्वात जास्त गरज पडणार होती तो त्या वेळी विश्वासाच्या बाहेर उभा होता.

भलत्या ठिकाणी स्तोत्र

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ऑगस्टीन ज्यातून विश्वासाकडे वळला तो बागेतला प्रसिद्ध प्रसंग घडला. ‘उचल, वाच’ असे शब्द शेजारच्या घरातून आले. मुलगा की मुलगी कळेना, पण ते शब्द पुन्हा पुन्हा, गाण्याच्या चालीवर येत होते, असं ऑगस्टीन नोंदवतो. मी या तपशिलावर फार भार देणार नाही. पण ज्याला देवाची हाक गाण्याच्या चालीवर ऐकू आली तो पुढे गाण्याचा इतका विचार करत राहिला, याची नोंद असावी.

नोकरी सोडून, मित्रांना आणि आईला घेऊन तो शरद ऋतूत कासिसियाकम इथल्या एका मित्राच्या शेतावरच्या घरी राहायला गेला. इथली एक हकीकत या प्रकरणातली माझी सर्वात लाडकी. लिसेंटियस नावाचा तरुण विद्यार्थी, कवितेचं वेड असलेला, नुकतीच एका स्तोत्राची चाल शिकला होता. बायबलमधल्या 80व्या स्तोत्रातली ओळ: हे सेनाधीश देवा, आम्हाला वळव, तुझं मुख आमच्यावर प्रकाशू दे, म्हणजे आमचं तारण होईल. ही ओळ तो मोठमोठ्यानं, पुन्हा पुन्हा गात होता. शौचाला बसून.

मोनिका चिडली. असल्या जागी हे गायचं असतं का रे, अशा अर्थानं तिनं त्याला फटकारलं. लिसेंटियसचं उत्तर मासलेवाईक आहे: कोणा शत्रूनं मला तिथे कोंडून घातलं असतं, तर देवानं माझा आवाज ऐकला नसता की काय? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गुरूला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ऑगस्टीन म्हणाला, जागा या गीताला शोभणारीच होती, आणि रात्रही. आम्हाला वळव म्हणून आपण विनवतो ते घाणीतून आणि अंधारातूनच ना?

विनोद बाजूला ठेवला तरी या प्रसंगात दैनंदिन जीवनातल्या गायनाचा सगळा मुद्दा आहे. उपासनेत गायलेलं गीत चर्चच्या दारात थांबत नाही. चाल आवडली की ती कुठेही उमटते. भांडी घासताना, वाट चालताना, नको त्या जागीसुद्धा. मोनिकाची चीड आणि लिसेंटियसचा उद्धटपणा दोन्ही समजण्यासारखे आहेत. मी लिसेंटियसच्या बाजूचा. कोंडलेल्या जागेतून निघालेली हाक देव ऐकतो, हे त्यानं थट्टेत म्हटलं. वेढ्यातल्या बायकांनी तेच गंभीरपणे म्हटलं असतं. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री, पाय खोड्यात अडकलेले असताना, देवाची गीतं गात होते आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते, हे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहेच.

त्याच घरी नोव्हेंबरमध्ये, ऑगस्टीनच्या वाढदिवसाच्या निमित्तानं, सुखी जीवन म्हणजे काय यावर तीन दिवस चर्चा चालली. तत्त्वज्ञानाची भाषा, बारीक तर्क. शेवटी ऑगस्टीन देवाविषयी बोलू लागला तेव्हा मोनिकाच्या स्मृतीत खोल रुतलेले शब्द वर आले, आपल्या विश्वासात जाग यावी तशी ती बोलून गेली. बोलली काय? अँब्रोजच्या गीताची अखेरची ओळ: विनवणाऱ्यांना जवळ घे, हे त्र्यैक्या.

ही चर्चा त्याच सुमाराची, मोनिका जिवंत असतानाची आहे, म्हणून हा पुरावा मला ‘कन्फेशन्स’पेक्षाही मोलाचा वाटतो. मोनिकेला तत्त्वज्ञानाचं शिक्षण नव्हतं. पुरुषांच्या त्या मंडळात तिच्याकडे स्वतःची परिभाषा नव्हती. होती ती गाण्यातून आलेली. आणि ती त्या चर्चेचा शेवट करायला पुरली.

दोन गाणी, एकच घर

387च्या ईस्टरला ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला, 24-25 एप्रिलच्या रात्री, अँब्रोजच्या हातून. त्या दिवसांत चर्चमध्ये गीतं ऐकताना तो खूप रडला. आवाज कानांत वाहत होते, सत्य हृदयात झिरपत होतं, डोळे वाहत होते, आणि त्या आसवांत मला बरं वाटत होतं, असं त्याचं वर्णन. वर्षापूर्वी सगळं शहर गात असताना आपण धावलो नाही, म्हणून आता अधिक रडलो, असंही तो जोडतो. उशिरा आल्याची हळहळ त्या आसवांत आहे.

आणि काही महिन्यांनी ओस्तिया.

तिथे खरं तर दोन गाणी आहेत, आणि वाचणारे बहुधा दुसऱ्याकडेच पाहतात. मोनिकाचा श्वास थांबला तेव्हा ऑगस्टीनचा मुलगा अदेओदातुस हंबरडा फोडून रडू लागला; सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. मग एव्होडियस या मित्रानं स्तोत्रसंहिता उचलली आणि 101वं स्तोत्र गायला सुरुवात केली: दया आणि न्याय यांविषयी मी गाईन. सारं घर पालुपद धरून साथ देत होतं.

या गाण्यानं घर सावरलं. लोक जमले, अंत्यविधीची तयारी झाली, ऑगस्टीन भेटायला आलेल्यांशी प्रसंगाला साजेसं बोललाही. पण त्याचं रडणं आतच राहिलं. किंबहुना सर्वांबरोबर गाण्यानं ते आत ठेवायला मदतच झाली असेल. सामुदायिक गाण्यात एक शिस्त असते, सूर सोडता येत नाही. मृत्यूच्या घरात त्या शिस्तीची गरज असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिची किंमत कुणीतरी मोजत असतं.

रात्री आठवलेलं गीत एकट्याचं होतं. त्यानं आठवलेल्या ओळींचा आशय असा: सर्वांच्या निर्मात्या देवा, आकाशाच्या शास्त्या, तू दिवसाला सुंदर प्रकाश पांघरतोस आणि रात्रीला झोपेची कृपा, म्हणजे विसावा थकलेल्या अवयवांना पुन्हा कामाला लावील, शिणलेली मनं हलकी करील, आणि दुःखानं ग्रासलेल्यांची काळजी सोडवील. तो नुकताच झोपेतून उठला होता. झोपेनं थोडं काम आधीच केलं होतं, हे तो लपवत नाही. गीत वर आलं ते योगायोगानं आलं नाही. ते संध्याकाळचं गीत होतं, निजेच्या वेळी म्हणायचं, आणि वेळ तीच होती.

त्यानंतर काय झालं ते नेमकं पाहायला हवं. त्याला दिलासा मिळून दुःख सरलं, असं झालं नाही. उलट हळूहळू आईची आठवण पूर्ववत आली. तिचं देवाशी भक्तीचं वागणं, आपल्याशी मायेचं वागणं. आणि तो देवासमोर, तिच्यासाठी आणि स्वतःसाठी रडला. आसवांचं अंथरूण केलं आणि हृदय त्यावर टेकलं, अशी त्याची प्रतिमा आहे. गाण्यानं आनंद होतो, मन प्रसन्न होतं, हे आपण सतत म्हणतो. या प्रकरणात गाण्यानं रडायला परवानगी दिली. विश्वास असलेल्यानं मृत्यूवर रडू नये, अशी समजूत करून बसलेल्या माणसाला विश्वासाच्याच गीतानं सांगितलं की दुःख आहे, आणि ते सोडवणारा कुणी आहे. प्रवचनानं हे सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता. वाद घालण्यात तो पटाईत होता.

हे गीत आईच्याही ओठांवर होतं, कासिसियाकममध्ये, वर्षही उलटलं नव्हतं. ऑगस्टीन तसा संबंध इथे जोडत नाही. पण शेवटची ओळ जिच्या तोंडून ऐकली तिच्या मृत्यूच्या रात्री पहिल्या ओळी आठवाव्यात, हे मला नजरेआड करता येत नाही.

ल गा ल गा ल गा ल गा

ओळ टिकली कशी, याचं उत्तर ऑगस्टीननंच दिलं आहे, आणि तेही अगदी अनपेक्षित जागी. ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळ म्हणजे काय याची चिकित्सा चालू आहे. उदाहरण हवं असतं. तो घेतो ती ओळ हीच: ‘देउस क्रेआतोर ओम्नियुम’. आठ अक्षरं, लघू आणि गुरू आलटून पालटून. मराठी वाचकाला हे समजावायला दूर जायला नको. हा तर आपल्या प्रमाणिका वृत्ताचा साचा. बोटांवर मोजून पाहा, ठोका आपोआप बसतो.

तो विचारतो: गुरू अक्षर लघूच्या दुप्पट आहे हे मी मोजतो कसं? एक संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही, आणि संपलेलं तर उरलंच नाही. उत्तर: मी अक्षरं मोजत नाही, स्मृतीत उमटलेला ठसा मोजतो. पुढे तो पाठ असलेल्या स्तोत्राचं उदाहरण घेतो. सुरू करण्यापूर्वी माझी अपेक्षा सगळ्या स्तोत्राकडे ताणलेली असते. म्हणत जातो तसतशी अपेक्षा घटते आणि स्मृती वाढते. आणि जे एका स्तोत्रात घडतं तेच माणसाच्या सबंध आयुष्यात घडतं.

मला यातून उपासनेबद्दल एक गोष्ट दिसते. गाताना माणूस पुढची ओळ जाणत असतो. प्रार्थनेत पुढचा शब्द शोधावा लागतो, प्रवचनात दुसऱ्याच्या पुढच्या वाक्याची वाट पाहावी लागते. परिचित गीतात मात्र पुढचं आधीच आपलं असतं. दुःखात नेमकी तीच शक्ती जाते. पुढचं काही दिसत नाही. तेव्हा ज्या चार ओळींचा शेवट ठाऊक आहे त्यांना धरून मन काही पावलं तरी चालतं. यमक, वृत्त, चाल ही सजावट नव्हे. एक शब्द पुढच्या शब्दाला हाताला धरून आणतो, म्हणून खचलेल्या माणसालाही ओळ पूर्ण आठवते. गद्य प्रार्थना अर्ध्यात सुटते.

म्हणूनच दर रविवारी नवं गीत शिकवण्याचा उत्साह मला समजतो, पण पटत नाही. नवं गीत उपासना ताजी ठेवतं, खरं आहे. पण ठेव साठते ती पन्नासाव्यांदा गायलेल्या गीताची. मंडळीसाठी गीत निवडणाऱ्यानं स्वतःला विचारावं की यातली कोणती ओळ माणसाला मध्यरात्री आठवेल, आणि आठवली तर तिच्यात धरण्यासारखं काही आहे का. नुसतं ‘मला छान वाटतंय’ असं म्हणणारं गीत, छान वाटत नसेल त्या रात्री कुचकामाचं ठरतं. अँब्रोजच्या ओळीत गाणाऱ्याच्या भावनेचा उल्लेखच नाही. देव कोण आहे, रात्र कशासाठी आहे, एवढंच आहे. त्यामुळे कुठलीही भावना घेऊन तिच्यात शिरता येतं.

कानाची भीती

इतकं सगळं झाल्यावर ऑगस्टीन गायनाचा निस्सीम पुरस्कर्ता झाला असेल असं वाटतं. तसं नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष विश्वासार्ह.

दहाव्या भागात तो इंद्रियांच्या मोहांची झडती घेतो, त्यात कानाचं सुखही येतं. गायल्या जाणाऱ्या गोष्टीपेक्षा गाण्यानंच मी जास्त हेलावतो तेव्हा माझ्या हातून पाप घडतं, आणि मग गाणाराच नसता तर बरं असं वाटतं, असं तो लिहितो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस स्तोत्रवाचकाला इतक्या कमी चढउतारानं म्हणायला लावी की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई. तेच अधिक सुरक्षित, असंही ऑगस्टीनच्या मनात येतं. पण लगेच त्याला विश्वासाच्या सुरुवातीची ती आसवं आठवतात, आणि तो डळमळत, अंतिम निकाल न देता, चर्चमधल्या गायनाच्या बाजूनं कौल देतो: कानाच्या सुखातून दुबळं मनही भक्तीच्या भावनेपर्यंत चढतं.

ही भीती जुन्या जमान्यातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. वाद्यवृंद जोरात, दिवे मंद, चाल भरून येणारी. अशा उपासनेतून डोळे ओले करून बाहेर पडलेल्याला काय गायलं ते विचारलं तर सांगता येत नाही, असं मी पाहिलं आहे. मी स्वतःही त्यातला होतो. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी आत्म्यानं गाईन आणि बुद्धीनंही गाईन. ऑगस्टीनची धडपड त्या ‘आणि’साठी आहे.

पण त्यानं दुसरी बाजूही मांडली, आणि ती माझ्या वरच्या युक्तिवादाला छेद देते. 33व्या स्तोत्रावर बोलताना तो शेतात आणि द्राक्षमळ्यात कापणी करणाऱ्यांचं उदाहरण देतो. सुरुवातीला ते शब्दांनी गातात. आनंद इतका भरून येतो की शब्द मावत नाहीत, तेव्हा अक्षरं सोडून नुसत्या स्वरात गातात. देव वर्णनापलीकडचा आहे. त्याच्याबद्दल बोलता येत नाही आणि गप्पही राहवत नाही, तेव्हा हा जयघोष सोडून दुसरं काय करणार? आलापाचा कान असलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. शब्दांची ठेव हाच गायनाचा लाभ असं मी म्हणत आलो. इथे शब्दच गळून पडतात, आणि तरी तो त्याला स्तुती म्हणतो. हे दोन्ही त्याच्यात एकत्र नांदतात. माझ्या मांडणीत ते पुरतं बसत नाही, हे मान्य.

ओघात एक दुरुस्ती. ‘जो गातो तो दोनदा प्रार्थना करतो’ हे वाक्य ऑगस्टीनच्या नावावर सर्रास खपवलं जातं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. 73व्या स्तोत्रावर बोलताना तो म्हणतो ते वेगळं आणि जास्त खोल आहे: जो स्तुती गातो तो नुसती स्तुती करत नाही, आनंदानं करतो, आणि ज्याच्याविषयी गातो त्याच्यावर प्रेमही करतो. इथे दुप्पट होणारी गोष्ट प्रार्थनेची मात्रा नाही.

हिप्पोतली भिंत

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप झाल्यावर त्याला गायनाचा बचाव करावा लागला. कार्थेजमध्ये अर्पणाच्या आणि प्रभुभोजनाच्या वेळी वेदीपाशी स्तोत्रं गाण्याची प्रथा नुकतीच पडली होती. हिलारुस नावाचा एक माजी अधिकारी तिच्यावर जागोजाग तोंडसुख घेई. धर्मबंधूंच्या आग्रहावरून ऑगस्टीननं त्याला उत्तर लिहिलं. ते पुस्तक काळाच्या ओघात हरवलं. ते लिहिल्याची त्याची नोंद मात्र शिल्लक आहे.

430च्या उन्हाळ्यात व्हॅन्डल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. ज्याच्या आयुष्यात गाणं एका वेढ्यातून शिरलं होतं तो आता दुसऱ्या वेढ्यात, तापानं अंथरुणाला खिळला होता. त्याचा सहकारी पोसिडियस यानं शेवटचे दिवस लिहून ठेवले आहेत. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं ऑगस्टीननं पानांवर उतरवून घेतली आणि ती पानं पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. पडल्या पडल्या ती वाचायची आणि रडायचं, असा क्रम. अखेरचे दहाएक दिवस, वैद्य येतील किंवा जेवण येईल तेवढ्या वेळा सोडून कुणी आत येऊ नये, असं बजावलं.

28 ऑगस्ट 430 रोजी तो गेला, 75 वर्षांचा होऊन. आम्ही शेजारी उभे राहून प्रार्थना करत होतो, असं पोसिडियस लिहितो. आणि हेही की त्याची दृष्टी आणि श्रवण शेवटपर्यंत शाबूत होते.